जागी झालेली पिंपं

१

तौफिकच्या बोंबेनं सकाळी सकाळी सगळं ऐन-सिंद्यान गाव दारात आलं.

"धावा रे, धावा! वदीहला मारलं कुणीतरी!"

नझीरा गच्चीत कॉफीचा पहिला घोट घेत होती. बैरूतच्या कोर्टात तपास-न्यायाधीश म्हणून उभी हयात घालवून ती डोंगरातल्या आपल्या गावी परतली होती, ती यापुढे कुणाचं रक्त बघायचं नाही असं ठरवूनच. कप तसाच ठेवून, पायातल्या सपाता सांभाळत ती उतारावरून खाली पळाली. वदीह तिचा धाकटा मावसभाऊ. तिच्या कडेवर वाढलेला.

तो तळघरासमोरच्या अंगणात उताणा पडला होता. कपाळाला खोक, भुवईपर्यंत ओघळलेलं रक्त, ओठ निळसर. त्याची बायको इव्होन त्याचे तळवे चोळत हाका मारत होती. शेजारचा तौफिक, ज्यानं त्याला तळघरातून ओढत बाहेर आणलं होतं, तो भिंतीला टेकून धापा टाकत होता. त्याचाही चेहरा पांढराफटक.

नझीरानं वदीहच्या नाकाशी हात धरला. "श्वास आहे. बघता काय नुसते? गाडी काढा कुणीतरी!"

गाडी आली, चौघांनी मिळून त्याला मागच्या सीटवर निजवलं, इव्होन शेजारी बसली, आणि धुरळा उडवत गाडी खालच्या शहरातल्या इस्पितळाकडे गेली. तेव्हा कुठे लोकांच्या माना वर वळल्या. त्याच घराच्या वरच्या मजल्यावर, कठडा घट्ट धरून, वदीहचा थोरला भाऊ मुल्हिम उभा होता. सख्खा भाऊ डोळ्यांदेखत गाडीत घातला तरी तो एक पायरी खाली उतरला नव्हता.

"कालचं ऐकलं ना सगळ्यांनी?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "'तुझं हे तळघर तुझ्याच उरावर बसेल,' असं ओरडत होता. बसवलंन् शेवटी!"

२

भांडण जुनं होतं. बाप गेला तेव्हा वरचं घर मुल्हिमकडे आलं आणि तळघर वदीहच्या वाट्याला. वदीह तेव्हा जर्मनीत, बिअरच्या कारखान्यात. इकडे मुल्हिमची अराक, म्हणजे द्राक्षांची कडक दारू, गाळायची तांब्याची भट्टी बापाच्या काळापासून त्या तळघरातच होती. गेल्या वर्षी वदीह कायमचा परतला आणि म्हणाला, "दादा, भट्टी हलव. मला इथे बिअर करायचीय." मुल्हिमनं त्याच दिवशी भट्टी उचलून घरामागे ताडपत्रीखाली नेली आणि पुन्हा तळघराच्या दाराकडे फिरकणार नाही अशी शपथ घेतली. ती त्यानं पाळलीही.

वदीहनं मग तळघराचं रूपच पालटलं. कमानींना चुना काढला, फरशी बसवली, पाणी वाहून जायला पन्हळ केली. खिळखिळं लाकडी दार जाऊन तिथे रबराची कड असलेलं जाडजूड दार आलं. ते लावलं की माशीसुद्धा आत शिरायची नाही. बार्ली तो स्वतःच भिजवून मोड आणायचा, गच्चीवर वाळवायचा. आतल्या बाजूला चार पायऱ्या उतरून एक खोलगट भाग होता, पूर्वी तिथे ऑलिव्हचं तेल ठेवायचे. तिथे त्यानं मोठाली पिंपं मांडली. थंडीच्या सुरुवातीला येणाऱ्या संत बर्बाराच्या सणाला सगळ्या गावाला स्वतःच्या हातची बिअर पाजायची, असा त्याचा बेत होता. गाव हसलं होतं. ज्या डोंगरात लहान मूलसुद्धा अराकच्या वासावर वाढतं, तिथे बिअर?

आणि काल संध्याकाळी उकळून गाळलेल्या बार्लीचा चोथा वदीहनं नेमका मुल्हिमच्या खिडकीखाली टाकला. त्यावर गांधीलमाश्या आल्या आणि त्यावरून तो आरडाओरडा झाला.

हे सगळं हवालदार घत्तासला ठाऊक होतं. त्यानं तळघराचं दार लावून घेतलं होतं आणि तो मिशा कुरवाळत उभा होता.

"बाईसाहेब, यात शोधायचं काय? मुल्हिमला दुपारी खाली चौकीवर घेऊन जातो. मार पडला की बोलेल."

"मार न पडताही माणसं बोलतात, घत्तास. मला दुपारपर्यंत वेळ दे."

"तुमच्या शब्दाखातर देतो. पण दुपारपर्यंतच हं."

तेवढ्यात इस्पितळातून इव्होनचा फोन आला. वदीह अजून शुद्धीवर नव्हता. डॉक्टर मात्र बुचकळ्यात पडले होते. खोक वरवरची होती. एवढ्याशा जखमेनं दणकट माणूस असा गळून पडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

नझीरानं फोन ठेवला. कपाळावर, समोरून, आणि तेही वरवरची. मारायला आलेला माणूस असा हलक्या हातानं मारतो होय?

३

तौफिकचं उपाहारगृह घाटाच्या वळणावर होतं. वदीहच्या बिअरची टिंगल करण्यात तो सगळ्यांच्या पुढे. आता आपल्याच खुर्चीत चादर पांघरून बसला होता.

"तौफिक, इतक्या सकाळी तू तिकडे कशाला गेला होतास?"

"शिडी मागायला, नझीराबाई. अक्रोड उतरवायचे होते."

नझीरानं खिडकीबाहेर पाहिलं. तौफिकच्या स्वतःच्या अक्रोडाला त्याची स्वतःची शिडी टेकलेली होती.

तौफिकनंही तिकडे पाहिलं आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"कुणाला सांगू नका," तो खालच्या आवाजात म्हणाला. "बिअर मागायला गेलो होतो. परवा इव्होनवहिनीनं आमच्या हिच्याकडे पहिल्या खेपेतली थोडी पाठवली होती. रात्रभर तिची चव जिभेवरून जाईना. म्हटलं, हॉटेलात ठेवू. पण चारचौघांत कसं मागणार? मीच तिला गाढवाचं पाणी म्हणून बसलोय ना!"

नझीराला हसू आलं. पण तिनं ते गिळलं. "आत गेलास तेव्हा काय दिसलं?"

"दिसतंय काय! वीज गेलेली, नेहमीसारखी. दार ढकललं, लायटर पेटवला. त्या खड्ड्यात हा पालथा पडलेला. वाकलो तर लायटर विझला. परत पेटवला, परत विझला. वारा तर अजिबात नव्हता. अन् माझंच डोकं असं गरगरायला लागलं म्हणून सांगू! पाय लटपटले. कसाबसा त्याला ओढून वर आणला."

"रक्त बघून घेरी आली असेल."

"मला?" तौफिकचा अपमान झाला. "रोज बकरी कापतो मी, बाई!"

नझीरा जायला उठली, तसा तो मागून म्हणाला, "एक मात्र आहे. पिंपं नुसती खदखदत होती. बुडबुड, बुडबुड! आणि वहिनी तर चार दिवसांपूर्वी रडकुंडीला आली होती, की थंडीनं पिंपं झोपलीत म्हणून."

झोपलेल्या पिंपांना उठवलं कुणी?

४

वरच्या मजल्यावर मुल्हिमची बायको लबीबा मसूर निवडत बसली होती. निवडलेले मसूर पुन्हा खड्यांतच टाकत होती, इतकं तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

"वन्सं, ह्यांनी काही केलं नाही. तोंड फाटकं आहे, पण हात उचलायचे नाहीत हे."

"सकाळी मुल्हिम कुठे होता?"

"बिछान्यात. बिछाना कसला, नुसती चटई! गादीची लोकर पार बसलीय. विचारलं तर म्हणतात, 'पाठीला कडक बरं.' आजवर कधी म्हणाले नाहीत ते!"

"इव्होनशी तुझं बोलणं आहे?"

"कसलं बोलणं! रोटीच्या भट्टीपाशी दिसते, तेवढंच. चार दिवसांपूर्वी तिथेच बायकांना सांगत होती, तळघर गारठलंय, बिअर उठत नाही, सणाला गावासमोर नाक कापलं जाणार. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं अन् पोट धरून हसले." लबीबानं मान खाली घातली. "हे नाही हसले."

आतल्या खोलीत मुल्हिम भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"मुल्हिम, माझ्याकडे बघ. तळघरात गेला होतास?"

"नाही, ताई."

"तळघराच्या आसपास? कशाला हात लावलास?"

उत्तर यायला उशीर झाला. अगदी थोडा. पण आयुष्यभर माणसं तपासलेल्या बाईला तेवढा उशीर पुरला.

"नाही," मुल्हिम म्हणाला.

भाऊ खोटं बोलत होता. ह्याला वाचवायला आले आणि ह्यालाच अडकवून जाणार की काय मी?

५

तिनं चर्चमधून एक लांब मेणबत्ती मागून आणली, एका काठीच्या टोकाला बांधली आणि घत्तासला तळघर उघडायला लावलं.

"प्रार्थना करताय की काय, बाईसाहेब?"

"तू दारातच थांब. दार सताड उघडं ठेव. मी पडले तर ओढून काढ, आत घुटमळू नकोस."

घत्तासची मिशीवरची बोटं थांबली.

आत उबदार होतं. बाहेर डोंगरावरचा वारा बोचत होता आणि इथे जणू पांघरुणाखाली शिरल्यासारखं वाटत होतं. पिंपं संथपणे खदखदत होती. वरच्या फरशीवर मेणबत्ती छान जळत होती. नझीरा पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिनं काठी हळूहळू खड्ड्यात उतरवली.

पिंपांच्या कडेपर्यंत ज्योत पोचली, बारीक झाली आणि विझली.

तिनं मेणबत्ती वर घेऊन पेटवली. पुन्हा उतरवली. पुन्हा विझली, त्याच जागी, कुणी चिमटीत धरून विझवावी तशी.

"भूतबाधा!" घत्तासनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"भूत नाही रे. बिअर उठते, म्हणजे आंबते, तेव्हा तिच्यातून वायू निघतो. हवेपेक्षा जड. खड्ड्यात पाण्यासारखा साचतो. दिसत नाही, पण त्यात वात जळत नाही आणि माणूस जगत नाही. वदीह पायऱ्या उतरला, पिंपांवर वाकला आणि घेरी येऊन पडला. पडताना पिंपाची कड कपाळाला लागली. त्याला कुणीही मारलेलं नाही."

घत्तासनं सुस्कारा सोडला. "म्हणजे अपघात. सुटलो!"

नझीरा मात्र सुटली नव्हती. जर्मनीत हेच काम केलेल्या माणसाला हा वायू ठाऊक नसेल? तिनं तिथूनच इव्होनला फोन लावला.

"ठाऊक म्हणजे काय, वन्सं!" इव्होन म्हणाली. "म्हणून तर ह्यांनी खड्ड्याच्या भिंतीतला जुना झरोका उकरून मोकळा केला. पोत्यांच्या मागे, अगदी जमिनीलगत. वायू तिथून आपोआप खालच्या शेतात वाहून जातो."

नझीरानं खड्ड्यात न उतरता काठीनं पोती बाजूला सारली. झरोका दिसला. पण त्यातून उजेड येत नव्हता. ती वळसा घालून अंगणाच्या खालच्या कडेला, अंजिराच्या झाडाखाली गेली आणि गुडघ्यांवर बसली.

झरोका बाहेरून गच्च बुजवलेला होता.

६

दुपार झाली. अंगणात घत्तास, तौफिक, लबीबा आणि मुल्हिम होते. बाकीचं गाव कुंपणापलीकडे. नझीरानं झरोक्यातला बोळा सगळ्यांसमोर ओढून काढला. शिवलेली पिशवी होती, आत पांढरीशुभ्र, पिंजलेली लोकर. तळघरातला कोंडलेला आंबूस वास भसकन बाहेर आला.

लबीबानं पिशवी हातात घेतली, दाबून पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला. "ही तर आमच्या गादीतली..."

कुंपणापलीकडे एकच गलका झाला. घत्तासनं मुल्हिमच्या दंडाला धरलं.

"थांब, घत्तास! माझं संपलेलं नाही." नझीराचा आवाज कोर्टातला झाला होता. "मुल्हिम, तू आयुष्यभर द्राक्षं आंबवलीस. आंबणाऱ्या रसातून वायू निघतो हे तुला माहीत होतं?"

"होतं," मुल्हिम पुटपुटला.

"ऐकलंत?" घत्तास म्हणाला.

"ऐकलं. आता मी काय सांगते ते ऐक. वदीह बेशुद्ध सापडल्यापासून दुपारपर्यंत मुल्हिम घरात मोकळा होता. ह्या अंजिराखाली यायला मागचा जिना आहे, कुणाला दिसलंही नसतं. जीव घ्यायला झरोका बुजवणारा माणूस काम झाल्यावर पहिल्यांदा काय करेल? बोळा काढून टाकेल. आणि हा बोळा अजून इथेच! कारण भावाच्या पडण्याशी ह्या लोकरीचा संबंध आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता बघा त्याच्याकडे. आत्ता येतंय."

मुल्हिम त्या पिशवीकडे बघत होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आणि भोक बुजवायला फाटकं पोतं चाललं असतं, चिखल चालला असता. स्वतःच्या अंगाखालची लोकर काढून, धुवट कापडात शिवून, कुणी कुणाचा जीव घेतो का? मुल्हिम, बाबा थंडीत हा झरोका बुजवायचे ना?"

"दरवर्षी," मुल्हिम म्हणाला. "लोकरीनंच. म्हणायचे, रस गारठला की रुसतो. लबीबा म्हणाली, त्याची पिंपं झोपलीत. गाव हसणार त्याला. आधीच हसतंय. म्हणून मी... त्याच्यासाठी काही केलं हे कुणाला कळायला नको होतं, म्हणून तुलाही नाही म्हणालो. पण ताई, बाबांच्या वेळी कधी काही झालं नाही! दाराखालून हात जाईल एवढी फट होती. सगळं बाहेर निघून जायचं."

"ते दार आता नाही."

"नाही?"

"वदीहनं बदललं. रबराची कड लावली. तू शपथेपायी वर्षभर त्या दाराकडे फिरकला नाहीस, मग तुला कसं दिसणार? त्यानं दार बंद केलं आणि तू झरोका. दोघांनीही भल्यासाठीच केलं. एकमेकांशी एक शब्द बोलला असतात, तर कुणालाही काही झालं नसतं."

"मग सकाळी खाली का नाही आलास?" तौफिकनं न राहवून विचारलं. "अरे, भाऊ तो तुझा!"

"कालच तसं बोललो होतो ना त्याला," मुल्हिम म्हणाला. "वाटलं, माझं बोलणंच त्याला लागलं. पाय उचलेनात." आणि तो अंगणातल्या दगडावर मटकन बसला. "मीच मारलं त्याला, ताई. लोकरीनं मारलं."

घत्तासचा हात केव्हाच त्याच्या दंडावरून निघाला होता. आणि नेमका त्याच वेळी नझीराचा फोन वाजला. इव्होनचं नाव दिसत होतं.

तो उचलायला नझीराला धीर होईना.

७

"वन्सं!" इव्होन रडत होती की हसत होती, कळायला मार्ग नव्हता. "उठले! डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं माहितेय? 'पिंपांची झाकणं कुणी उघडली तर नाहीत ना?' मी म्हटलं, आग लागो तुमच्या पिंपांना!"

नझीरानं नुसती मान हलवली. फोनवर मान हलवून काय उपयोग, हे तिच्या ध्यानात यायलाही वेळ लागला. पण अंगणातल्या सगळ्यांना ते कळलं. लबीबानं दोन्ही हात तोंडावर घेतले. तौफिक उगाचच घत्तासच्या गळ्यात पडला.

मुल्हिम काही इस्पितळात यायला तयार होईना. "कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणाला. शेवटी लबीबानंच त्याला कोट चढवला आणि ढकलत गाडीत बसवलं.

वदीहच्या कपाळाला टाके होते आणि नाकाला नळी. नझीरानं त्याला सगळं थोडक्यात सांगितलं. तो ऐकत असताना मुल्हिम दारातच उभा, टोपी हातात चुरगाळत.

वदीहनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"गादीतली लोकर काढलीस?" वदीहनं विचारलं.

"थोडीशीच."

"आणि काल माझ्या सात पिढ्या उद्धरल्यास."

"त्या माझ्याही आहेत," मुल्हिम म्हणाला. "चोथा खिडकीखाली कोण टाकतं रे? गांधीलमाश्या घरात शिरतात. बकऱ्यांना घाल, आवडीनं खातील."

"दादा, माझी चूक. झरोका रोज बघायला हवा होता. पिंपं एकदम जागी झाली, तर त्या आनंदात मी विचारच केला नाही की का झाली." वदीह हसला आणि टाके ओढले गेले म्हणून कळवळला. "पण कशी खदखदत होती! तू बघायला हवं होतंस."

"तुझं ते पाणी मला आवडत नाही."

"चाखलंस कधी?"

"नाही."

वदीह पुन्हा हसला, पुन्हा कळवळला. मुल्हिम पुढे झाला, त्यानं उशी सरळ केली, आणि मग हात तिथेच राहिला, भावाच्या खांद्यावर.

"ते दार मी काढून टाकतो," वदीह म्हणाला.

"कशाला? चांगलं दार आहे म्हणतात. दार राहू दे. तो झरोका मोठा करू. त्याला जाळी बसवू. आणि वरून एक धुराडं काढू, भट्टीला होतं तसं."

करू, बसवू, काढू. वर्षभर ह्या घरात 'तू' आणि 'मी' सोडून दुसरा शब्द नव्हता. नझीरा हळूच उठली आणि बाहेर आली.

व्हरांड्यातल्या बाकावर लबीबा आणि इव्होन शेजारी शेजारी बसल्या होत्या. आज इथे कोण राहणार यावरून त्यांची हमरीतुमरी चालली होती.

"तू सकाळपासून उपाशी आहेस. तू घरी जा, मी थांबते."

"तुम्हाला त्यांची औषधं कळायची नाहीत, जाऊबाई."

"मला नाही कळत? तुझ्या लग्नाच्या आधीपासून ह्या पोराचे ताप मी काढलेत!"

नझीरा त्यांच्या मध्येच धपकन बसली. आता कुठे तिला जाणवलं, की पायात अजून घरातल्याच सपाता आहेत. कोर्टात तिनं कितीतरी खटले उकलले होते, आणि दर वेळी शेवटी कुणाच्या ना कुणाच्या हातात बेड्या पडल्या होत्या. घत्तास आज रिकाम्या हातांनी चौकीवर परत गेला होता.

"वन्सं, तुम्हीच सांगा," लबीबा म्हणाली, "कुणी थांबायचं?"

"दोघी थांबा," नझीरा म्हणाली. "पण आधी मला कुणीतरी खायला द्या गं. पोटात कावळे ओरडताहेत."

लबीबानं पिशवी उघडली, पातळ रोटीत दही आणि ऑलिव्ह गुंडाळलेले होते. तिनं एक नझीराच्या हातात दिली, एक इव्होनच्या, आणि तिघी जणी त्या बाकावर भुकेल्या पोरींसारख्या जेवत राहिल्या.